मी सांगितलं तरी ऐकू नका

केजच्या कोर्टात शहादेव गायसमुद्रे हे नाव वकीलपत्रावर तेवढं उरलं होतं. बाकी सगळा तालुका त्यांना 'जप्त वकील' म्हणायचा. नव्या माणसाला वाटायचं, जप्तीची कामं घेत असतील. तसं काही नव्हतं. शहादेव वकील ज्या ज्या निवडणुकीला उभे राहिले, त्या त्या निवडणुकीत त्यांचं डिपॉझिट जप्त झालं, एवढाच त्या नावाचा अर्थ. विधानसभेला जप्त, जिल्हा परिषदेला जप्त, पंचायत समितीला जप्त. एकदा पक्षाच्या हुकमावरून लोकसभेलाही उभे राहिले होते, तिथं तर अर्ज भरतानाच क्लार्कनं त्यांच्याकडं दयेनं पाहिलं होतं.

तोंडावर कुणी तसं म्हणत नसे. पण पाठीमागं म्हटलेलं त्यांना ऐकू जाई, आणि दर वेळी तितकंच लागे. इतक्या वर्षांत माणसाची कातडी जाड व्हायला हवी. त्यांची झाली नाही, आणि ही त्यांची पहिली अडचण.

दुसरी अडचण म्हणजे पक्ष. कष्टकरी समता पक्षात ते बाहत्तरच्या दुष्काळात गेले. अंबाजोगाईला कॉलेजात होते तेव्हा. सुट्टीत गावी खरबडवाडीला आले तर आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, मग हेही हातोडा घेऊन तिच्या शेजारी बसले. कामावर पाण्याचे दोन रांजण होते. एक गावाचा, एक वस्तीचा. वस्तीचा रांजण दुपारीच रिकामा व्हायचा आणि पुन्हा भरायला कुणी मोकळं नसायचं. एके दिवशी बीडहून सायकलवर एक धोतरवाला माणूस आला, इंजिनियरशी तासभर हुज्जत घालत राहिला, मधेच कायद्याचं कलम सांगितलं, आणि संध्याकाळी दोन्ही रांजण एका झाडाखाली आले. आईनं गावाच्या रांजणातलं पाणी घेतलं आणि पिण्याआधी एकदा मागं वळून पाहिलं. तो माणूस पक्षाचा होता आणि वकील होता. शहादेवनं त्या दिवशी दोन गोष्टी ठरवल्या: वकील व्हायचं आणि त्या पक्षात जायचं. पहिली गोष्ट चुकली असं त्यांना कधी वाटलं नाही.

त्यांच्याबरोबर वस्तीतलाच निवृत्ती पक्षात आला. एकाच खोलीत राहून दोघं औरंगाबादेत शिकले. शहादेवनं कायदा पुरा केला, निवृत्तीनं मधेच सोडला, कारण त्याच्या मते भाषण करायला डिग्री लागत नाही. हे त्याचं खरंच होतं. निवृत्ती बोलायला लागला की माणसं हातातली तंबाखू मळायची थांबायची. शहादेव बोलायला लागले की लोक तीच तंबाखू पुन्हा मळू लागायचे, कारण वकीलसाहेब भाषणातसुद्धा 'सबब' आणि 'उपरोक्त' म्हणायचे.

पक्षाचं जिल्हा कार्यालय म्हणजे केजमधल्या शहादेव वकिलांच्या घराची पुढची खोली. तिथं बाबासाहेबांची तसबीर, एक बाक, आणि पुण्याहून येणाऱ्या पत्रकांचे गठ्ठे. पत्रकं नेहमी कार्यक्रम होऊन गेल्यावर यायची. अध्यक्ष पुण्यात, आणि तहहयात. पक्ष दोनदा फुटला आणि दोन्ही वेळा शहादेव वकील ज्या तुकड्यात राहिले, तो लहान तुकडा निघाला. त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, दुसऱ्या फुटीनंतर एवढंच विचारलं होतं, "अहो, तिकडच्या तुकड्यात कोण कोण गेलं ते सांगण्यापेक्षा इकडं कोण राहिलं ते सांगा, लवकर होईल." बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. घर त्यांच्या पगारावर चालायचं, आणि पक्षही.

आता ज्याच्याविरुद्ध हे सगळं चाललं होतं, त्या सुंदररावांबद्दल. सुंदरराव चेअरमन. कशाचे, ते विचारायचं नसतं. साखर कारखाना त्यांचा, दूध संघ त्यांचा, बँकेत ते, शिक्षण संस्थेत त्यांची सून. कागदावर सगळं सहकारी होतं. सहकार म्हणजे सगळ्यांनी मिळून सुंदररावांना मोठं करायचं, अशी शहादेव वकिलांची व्याख्या होती, आणि त्यांच्या भाषणातलं लोकांना आवडलेलं ते एकमेव वाक्य.

कारखान्याचं सभासदत्व वस्तीतल्या लोकांना मिळत नव्हतं. इनामाच्या तुकड्यांत थोडाफार ऊस लावणारी पाच-सहा घरं होती. ती शेअर मागायला गेली की साहेब दौऱ्यावर असायचे, नाहीतर अर्ज संपलेले असायचे. शहादेव वकिलांनी दावा लावला. तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून औरंगाबादला. केस इतकी चालली की अर्जदारांपैकी दोघांच्या जागी त्यांची मुलं आली. शेवटी निकाल लागला, आणि तो बाजूनं लागला. कारखान्यानं या लोकांना सभासद करून घ्यावं, असा स्वच्छ हुकूम. तोवर त्या सगळ्याच शेतांतल्या विहिरी आटल्या होत्या आणि ऊस लावायला पाणी कुणाकडंच नव्हतं. सुंदररावांनी वकीलसाहेबांच्या घरी पेढे पाठवले. तो पुडा शहादेव वकिलांनी उघडलाही नाही. किती दिवस तो बाकावर पडून होता आणि जाता-येता ते त्याच्याकडं बघत होते. अखेर सत्यभामाबाईंनी तो मोलकरणीला देऊन टाकला.

पुढच्या साली निवृत्ती पक्ष सोडून गेला. मागासवर्गीयांची सहकारी यंत्रमाग संस्था काढायची योजना सरकारनं आणली होती आणि सुंदररावांनी निवृत्तीला तिचा चेअरमन केलं. शहादेव त्याला गाठून भांडले.

"तुझ्या पक्षात राहून लोकान्ला काय भेटलं बे?" निवृत्ती म्हणाला. "निकाल. म्या शेड तरी बांधलं."

"माग आलेत का शेडमध्ये?"

"सध्या शेळ्या हायत."

"म्हणजे शेळ्यांसाठी गेलास?"

"पण शेड हाय ना," निवृत्ती म्हणाला आणि हसला. शहादेवला हसू आलं नाही. एकाच ताटात जेवलेला माणूस समोर उभा राहून हसतोय आणि आपल्याला त्याचा नीट रागसुद्धा येत नाही, याचाच त्यांना जास्त राग आला.

राहिली जाईबाई. खरबडवाडीच्या वस्तीतली ही बाई दर दिवाळीनंतर ऊस तोडायला जायची आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत यायची. तिच्यासारखी निम्मी वस्ती जायची. शहादेव वकिलांचे मतदार म्हणजे हेच लोक, आणि जिल्हा परिषद, पंचायत समितीच्या निवडणुका यायच्या त्या नेमक्या फेब्रुवारीत. ज्या पुढाऱ्याला मतं हवीत तो मुकादमाला निरोप धाडायचा, गाड्या पाठवायचा, मजूर यायचे आणि मत देऊन परत जायचे. जप्त वकिलांच्या निरोपाला मुकादम कशाला हलतोय. त्यामुळं त्यांचे मतदार मतदानाच्या दिवशी सांगलीच्या नाहीतर कर्नाटकाच्या फडात मोळ्या बांधत असायचे, आणि इकडं वकीलसाहेबांचं डिपॉझिट जायचं.

त्यात चिन्हाचा घोळ. मोठ्या पक्षांचं चिन्ह जन्मभर तेच असतं. लहान पक्षाला दर निवडणुकीला सरकारकडं उरलेल्या चिन्हांतून एक पदरात पाडून घ्यावं लागतं. एकदा छत्री मिळाली, त्या साली थेंब पडला नव्हता. "वकीलसाहेब, पाऊस कुठाय तवा छत्री घेऊ," असं भरसभेत म्हणून लोक हसले. मग शिट्टी आली, मग पाटी. शहादेव वकील दर वेळी घरोघर जाऊन नवं चिन्ह पाठ करून घ्यायचे, आणि ते पाठ होईतो पुढची निवडणूक आलेली असायची.

शिट्टीच्या वेळी खरं तर जमत आलं होतं. पण मतदानाच्या आदल्या दिवशी गावोगाव एक जीप फिरली. भोंग्यावरून सांगत गेली की शहादेव वकिलांनी माघार घेतली आहे आणि सुंदररावांच्या माणसाला पाठिंबा दिला आहे. माघारीची मुदत कधीच सरली होती, पण हे लोकांना कुठलं माहीत? वकीलसाहेब सायकल मारत मागून सांगत फिरले, तोवर जीप चार गावं पुढं. दुसऱ्या दिवशी लोकांनी त्यांना मतं दिली नाहीत आणि वर भेटून म्हणाले, "कावून बसलात वकीलसाहेब? बसायचं व्हतं तर आमाला कावून नाचवलं?"

तो डाव त्यांच्या जिव्हारी लागला. तेव्हापासून चिन्हाबरोबर त्यांनी एक दुसरा धडा सुरू केला. वस्तीतल्या बायांना समाजमंदिरात बसवायचे आणि शाळेतल्यासारखं घोकून घ्यायचे. शेवटच्या दिवसांत कुणाचं ऐकायचं नाही. वकील बसला म्हणतील, ऐकू नका. चिन्ह बदललं म्हणतील, ऐकू नका. "आणि उद्या मी स्वतः येऊन सांगितलं, तरी ऐकू नका," ते म्हणायचे. "समजा, मला दाबलंय." बाया हसायच्या. जाईबाई मात्र हसायची नाही. ती मान डोलवत शब्दन् शब्द म्हणायची आणि दुसऱ्या बाईनं चुकीचं म्हटलं तर तिला टोकायची.

बारा सालच्या निवडणुकीत शिलाई मशीन मिळालं. हे चिन्ह बायांना आवडलं. निवडणूक गेली, डिपॉझिटही गेलं, पण जाईबाईच्या घराच्या भिंतीवर रंगवलेलं मशीन तसंच राहिलं. पांढरी भिंत, निळं मशीन. पुसू का म्हणून कुणी विचारलं तर ती अंगावर जायची.

मग लागोपाठ दोन दुष्काळ आले. दुसऱ्यात तर माणसं पाण्याच्या आवाजानं झोपेतून उठायची. गावाला टँकर यायचा तो गावातल्या विहिरीत रिकामा व्हायचा. तिथं रहाटाला सुंदररावांच्या माणसांचे हात आधी, वस्तीचे शेवटी, आणि शेवटी म्हणजे गाळ. शहादेव वकिलांची साठी उलटली होती, गुडघे बोलत होते. तरी ते केजच्या तहसीलसमोर उपोषणाला बसले. पक्षाचे कार्यकर्ते किती आले म्हणाल, तर सत्यभामाबाई आल्या. पण पाचव्या दिवशी खरबडवाडीहून जाईबाई बाया घेऊन आली. त्यांनी रिकाम्या घागरी तहसीलदाराच्या दारात एकीवर एक रचून ठेवल्या आणि त्यांच्या पुढ्यात बसून राहिल्या. साहेबांना आत-बाहेर करता येईना. त्या आठवड्यात वस्तीसाठी वेगळा टँकर सुरू झाला.

पहिल्या टँकरच्या वेळी जाईबाईनं वकीलसाहेबांना घागरीतलं पाणी दिलं आणि म्हणाली, "यंदा तुमाला पडू द्यायचं न्हाई."

"तुम्ही फडात असणार, जाईबाई."

"येऊ की. मुकादम काय जीव घेतोय?"

शहादेव वकिलांनी आजवर किती आश्वासनं ऐकली होती. पण या बाईनं म्हटलं आणि त्यांच्या मनात, त्यांना नको असताना, आशा उभी राहिली. एकदा, फक्त एकदा निवडून यायचं. पंचायत समिती का होईना. त्या सभागृहात टँकर, छावण्या, घरकुलं ठरतात. तिथं वस्तीच्या बाजूनं बसून एक ठराव मांडायचा, म्हणजे मग चाळीस वर्षं वाया गेली असं मरताना म्हणावं लागणार नाही. रात्री त्यांनी सत्यभामाबाईंना हे बोलून दाखवलं. बाई म्हणाल्या, "अर्ज भरा. मी नाही म्हटल्यानं तुम्ही थोडेच राहणार आहात?" पण त्यांचाही आवाज हलला होता.

सतराच्या फेब्रुवारीत निवडणूक लागली. खरबडवाडीचा गण, म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ, राखीव सुटला. सुंदररावांनी निवृत्तीला उभं केलं. शहादेव वकील अर्ज भरायला तहसीलमध्ये गेले तर तिथल्या बाबूनं सांगितलं की तुमच्या पक्षाची नोंदणी रद्द झाली आहे. अध्यक्षांनी वर्षानुवर्षं पक्षाचा हिशेबच आयोगाला दिला नव्हता. शहादेव वकिलांनी पुण्याला फोन लावला. अध्यक्ष म्हणाले, "हिशेब द्यायला जमा-खर्च तर व्हायला हवा, गायसमुद्रे." हा विनोद होता की काय, ते त्यांना कळलं नाही. ज्या पक्षासाठी जन्म काढला तो पक्ष काही महिन्यांपूर्वीच मेला होता आणि कुणी त्यांना साधं कळवलंही नव्हतं. बाबूच्या टेबलासमोर उभे राहून त्यांनी अर्जातलं पक्षाचं नाव खोडलं आणि तिथं 'अपक्ष' लिहिलं.

अपक्ष म्हटल्यावर चिन्हावर हक्क नाही. त्यांनी शिलाई मशीन मागितलं. तेच चिन्ह दुसऱ्या एका अपक्षानंही मागितलं होतं. तो अपक्ष म्हणजे निवृत्तीचा चुलतभाऊ बंकट, सुंदररावांच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर. बंकटला निवडणुकीत काय रस? त्याला अर्जावर सही करायला जागा दाखवावी लागत होती. पण खरबडवाडीच्या भिंतीवर काय रंगवलं आहे, हे निवृत्तीला ठाऊक होतं. चिठ्ठ्या टाकल्या. मशीन बंकटला गेलं, शहादेव वकिलांना कपबशी आली. बाहेर पडताना निवृत्ती जिन्यात भेटला. "चहा पाजा आता," म्हणाला.

गावात राहिलेल्या लोकांना कपबशी पाठ करून घ्यायला जेमतेम आठवडा होता. तो त्यांनी आणि सत्यभामाबाईंनी उन्हात फिरून घालवला. पण बाया फडात होत्या, कर्नाटकाच्या हद्दीवर. शहादेव वकिलांनी जाईबाईला तिच्या मुलाच्या मोबाइलवर गाठलं.

"जाईबाई, नीट ऐका. चिन्ह बदललंय. आपली मशीन नाही आता. आपली कपबशी."

पलीकडं वारा वाहत होता, कोयत्यांचे आवाज येत होते. जाईबाई जराशी थांबली. मग म्हणाली, "आसं व्हय."

"लक्षात राहील ना? कपबशी. सगळ्यांना सांगा."

"आमाला समदं ठावं हाय, वकीलसाहेब. तुमी जिवाला घोर लावून घिऊ नका." आणि ती हसली. शहादेव वकिलांना तिचं हसणं फार धीराचं वाटलं. त्यांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

मतदानाच्या दिवशी खरबडवाडीच्या शाळेत केंद्र होतं. शाळेपासून शंभर मीटरवर चुन्याची रेघ मारलेली. तिच्या आत कुणी प्रचार करायचा नाही. रेघेबाहेर टेबल टाकून सत्यभामाबाई बसल्या होत्या आणि येणाऱ्या माणसाला त्याचा क्रमांक काढून देत होत्या. दुपारपर्यंत रंग बरा होता. गावातले काही लोकही वकीलसाहेबांकडं बघून हळूच मान हलवून जात होते. टँकरची आठवण ताजी होती. पण बायांचा पत्ता नव्हता. मुकादमानं सोडलं नसणार, असं म्हणत शहादेव वकील रेघेवर येरझारा घालत होते.

ऊन कलल्यावर रस्त्यावर धूळ उठली. साखरेची पोती उतरवून परतणारा एक रिकामा ट्रक येत होता आणि त्याच्या हौद्यात उभ्या होत्या खरबडवाडीच्या बाया. अंगात साडीवर पुरुषी सदरे, हाताला उसाच्या पाचटानं ओरखडे, केस धुळीनं पांढरे. मुकादमानं नाही म्हटल्यावर त्यांनी कोयते खाली ठेवले होते आणि सडकेवर जाऊन ट्रकला हात केला होता. शहादेव वकिलांचे डोळे भरून आले. जन्मभर आपण लोकांकडं जात आलो, आज लोक आपल्याकडं आले, एवढंच ते मनाशी म्हणत राहिले.

सत्यभामाबाई प्रत्येकीला क्रमांक देताना हळूच म्हणत होत्या, "कपबशी बरं का, बायांनो." बाया "व्हय, व्हय बाई" म्हणत होत्या आणि एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. वेळ संपत आली होती. त्या भराभरा रेघ ओलांडून रांगेत गेल्या.

रांगेतून जाईबाईनं मागं वळून वकीलसाहेबांकडं पाहिलं. तिचा चेहरा मोठा हुशारीचा होता. तिनं उजवा हात पोटाजवळ धरला आणि कुणाला दिसू नये असा गोल फिरवला. शिलाई मशीनचं चाक.

शहादेव वकिलांनी 'नाही' म्हणून मान जोरानं हलवली. जाईबाईनंही मान हलवली आणि डोळा मिचकावला. तिच्या मागच्या बाईनं तसाच हात फिरवला, मग तिच्या मागच्या बाईनं.

कायदा हे एकच हत्यार या माणसानं आयुष्यभर वापरलं होतं. मोर्चात कुणी दगड उचलला तर ते आधी त्याच्याशी भांडायचे. चुन्याची रेघ त्यांच्या पायाशी होती आणि तिच्या आत चिन्हाचं नाव घेणं गुन्हा आहे, हे त्या गावात त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी सत्यभामाबाईंकडं पाहिलं. बाई खुर्चीतून उठल्या होत्या. शहादेव वकिलांनी रेघ ओलांडली, दुखऱ्या गुडघ्यांनी जमेल तसं पळत रांगेपर्यंत गेले आणि ओरडले, "जाईबाई, कपबशी! मशीन नाही, कपबशी! मी सांगतोय!"

शाळेच्या दारातून दोन पोलीस धावले. निवृत्तीच्या माणसांनी गिल्ला केला. वकीलसाहेबांना दोन्ही दंडांना धरून बाहेर नेलं, आणि नेताना ते मागं वळून वळून तेच ओरडत होते. शेवटचं त्यांना दिसलं ते एवढंच की जाईबाई त्यांच्याकडं फार काळजीनं बघत होती, आणि मग पदर खोचून ती आत गेली.

आचारसंहिता भंगाचा गुन्हा दाखल झाला. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर त्यांना सोडून दिलं, तेव्हा बाया परतीच्या ट्रकची वाट बघत तिथंच थांबल्या होत्या. जाईबाई त्यांच्या शेजारी येऊन टेकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "लागलं तर न्हाई ना? मेल्यांनी कसं धरलं तुमाला."

"जाईबाई, मत कशाला दिलंत?"

"मशीनला. समद्यांनी मशीनलाच." तिनं आजूबाजूला पाहिलं. "फोनवर तुमी कपबशी म्हणलात, तवाच म्या वळखलं. शेजारी कुनीतरी हुबं हाय. आन् आज तुमी वरडत आलात, तवा तर पक्कं झालं की तुमाला लईच दाबलंय. सिंधूबाई जरा बिचकली व्हती. म्या तिला म्हनलं, वकीलसाहेबांनी सवता काय सांगितलं व्हतं? मी सांगितलं तरी ऐकू नका. न्हाई का?"

सत्यभामाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या काही बोलणार तेवढ्यात शहादेव वकिलांनी त्यांच्याकडं बघून नको अशी मान हलवली. ट्रक आला. बाया चढल्या. रात्रभर जाऊन सकाळी त्यांना पुन्हा फडात उतरायचं होतं.

आठवड्यानं केजला मोजणी झाली. निवृत्ती निवडून आला. शहादेव वकील दुसरे आले, आणि जितक्यानं पडले त्याहून जास्त मतं बंकटच्या मशीनला होती. ती मतं पडली कशी, हे बंकटलाच कळेना. तो ट्रॅक्टर घेऊन आला होता तसा निघून गेला. डिपॉझिट मात्र वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. कोर्टात बाकीच्या वकिलांनी चहा मागवला आणि एकानं म्हटलं की आता शहादेवदादांचं नाव बदलावं लागणार. शहादेव वकील तो चहा घेऊन खिडकीशी गेले. कप तर कप, बशीसुद्धा त्यांना बघवेना.

घरी आले ते पुढच्या खोलीत बसून राहिले. चीड यायची तर कुणाची येणार? सुंदररावांनी बेकायदा असं काहीच केलं नव्हतं. निवृत्तीनं एक अर्ज भरायला लावला होता. अध्यक्षांनी काहीच केलं नव्हतं, त्यांनी कधीच काही केलेलं नव्हतं. आणि बायांनी, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्या बायांनी, त्यांचा शब्द अक्षराला अक्षर पाळला होता. चाळीस वर्षांत त्यांचं इतकं कुणीच ऐकलं नव्हतं.

"तिला सांगायचं होतंत," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी तरी."

"पुढच्या वेळी ती येणार नाही मग," ते म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. जाईबाईच्या मुलाचा नंबर होता. पलीकडं वारा तसाच होता.

"वकीलसाहेब, काय झालं आपलं?"

"गेलं, जाईबाई. थोडक्यात गेलं."

मग म्हणाली, "थोडक्यात? म्हंजी बायान्ला आनलं ते कामी तरी आलं म्हना."

सत्यभामाबाई दारात उभ्या राहून त्यांच्याकडं बघत होत्या.

"आमच्याकडून काय चुकलं तर न्हाई ना?" जाईबाईनं विचारलं.

"नाही," शहादेव वकील म्हणाले. "तुम्ही मी सांगितलं तेच केलंत."

फोन कानाला तसाच होता आणि ती पलीकडं मोठ्यानं बायांना सांगत होती, "ऐकलं का गं? वकीलसाहेब म्हनत्यात, आपलं काय बी चुकलं न्हाई. चला, मोळ्या बांधा."